वळणावरचा मोर

आई आमच्या कॉलनीच्या वळणावर मोर रंगवत होती, तेव्हा मी सायखेड्याच्या रस्त्यावर गुडघे टेकून ओल्या डांबरावर रबर घासत होते. हे माझं पोटापाण्याचं काम आहे. रस्ते तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये मी नोकरी करते. नवा रस्ता झाला की कंत्राटदार म्हणतो, काय गुळगुळीत झालाय बघा. पुढारी म्हणतात, लोण्यासारखा झालाय. मग आम्ही जाऊन बघतो की तो नको इतका गुळगुळीत तर झाला नाही ना. लोकांना रस्ता मऊ हवा असतो आणि मला खरखरीत, त्यामुळे आमच्या नातेवाइकांत माझ्या नोकरीचं कौतुक असं कोणाला फारसं नाही.

आमच्याकडे एक तीन पायांचं यंत्र आहे. लॅबमध्ये सगळे त्याला झोका म्हणतात. त्याला एक लोंबता दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला रबराचा तुकडा. रस्ता पाण्याने ओला करायचा, दांडा आडवा धरायचा आणि सोडून द्यायचा. रबर रस्त्याला घासत पलीकडे वर चढतं. रस्त्याने त्याला नीट धरलं तर दांडा फार वर जात नाही आणि काटा मोठ्या आकड्यावर थांबतो. रस्त्याने सोडलं तर दांडा मोकाट वर जातो आणि आकडा लहान येतो. मोठा आकडा म्हणजे पावसातही ब्रेक लागेल. लहान आकडा म्हणजे देवाचं नाव घ्या.

या नोकरीने माझी नजर पार बिघडवली आहे. मी माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या गाडीचे टायर बघते. एकदा स्थळ म्हणून एक मुलगा घरी आला होता. दिसायला बरा, बोलायला नीट, पण त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या टायरला नक्षी म्हणून उरली नव्हती, पार टक्कल पडलेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, हा नको. आई म्हणाली, अगं, टायर बदलता येतो. मी म्हटलं, येतो ना, मग बदलला का नाही? ते लग्न तिथेच राहिलं, आणि आई अजून अधूनमधून त्या टायरचा विषय काढते.

तर त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले. गणपती बसायला दोन दिवस होते आणि पावसाने उघडीप दिली होती. आमची कॉलनी पंचवटीच्या पुढे, दिंडोरी रोडला लागून आहे. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की लगेच उतार लागतो. उतार संपतो तिथेच डावीकडे काटकोनात वळण, आणि वळणाच्या आतल्या अंगाला गणपतीचा मांडव. यायला-जायला हा एकच रस्ता. उतारावर गाडीला वेग आलेला असतो, वळणावर ब्रेक दाबावाच लागतो. रस्त्यावर रंग लावायला सगळ्यात वाईट जागा कोणती, असा प्रश्न मला परीक्षेत आला असता तर मी हीच जागा लिहिली असती.

आणि तिथे मोर होता. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मान मांडवाकडे वळवलेली, पिसारा उतारावर वर पसरलेला, आणि सगळ्याभोवती हिरव्या पानांची वेल. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. आईच्या हातची रेघ मला कुठेही ओळखू येते. ती कोपरापर्यंत निळी होऊन कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती आणि आजूबाजूला कॉलनीतल्या बायका मोबाईलवर फोटो काढत होत्या.

मी खाली वाकून मोराच्या मानेवर बोट टेकवलं. ते सरकन पुढे गेलं.

“आई, हा ऑइल पेंट आहे?”

“मग? पावडर टिकते का या दिवसांत? आता विसर्जनापर्यंत काय, दिवाळीपर्यंत हलत नाही बघ.”

“हलत नाही हीच तर भानगड आहे.”

मी हे जरा मोठ्यानेच बोलले. बायकांचे मोबाईल खाली आले. आईचा चेहरा एकदम लहान झाला आणि मला तिथल्या तिथे स्वतःचा राग आला, पण बोलून झालं होतं.

डांबरी रस्त्यात खडी असते. तिची टोकं वर आलेली असतात, टोकांमध्ये बारीक खळगे असतात. पाऊस पडला की पाणी खळग्यांत उतरतं आणि टायर टोकांना धरून राहतो. त्यावर घरातल्या खिडक्यांना लावतात तो चकचकीत रंग दोन हात देऊन लावला की खळगे बुजतात, टोकं झाकली जातात, आणि पाणी टायर आणि रंग यांच्या मध्येच अडकून बसतं. मग ब्रेक दाबा नाहीतर भजन म्हणा, सारखंच. हे मी तिथे उभी राहून सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा फोटो काढायला लागल्या.

पुढचं सांगण्याआधी त्या मोरामागची गोष्ट सांगायला हवी.

माझे वडील गेले त्याला चार वर्षं झाली. त्याआधी कॉलनीत रांगोळी म्हणजे आई. दिवाळीत बायका आमच्याकडे ठिपके विचारायला यायच्या. वडील गेल्यावर तिला कोणी नको म्हटलं नाही. आमची कॉलनी शिकली-सवरलेली आहे, इथे असं तोंडावर कोणी म्हणत नाही. फक्त हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं बंद झालं. डोहाळजेवण असलं की “मुलीला नक्की पाठवा” असा निरोप यायचा. मंडळाच्या रांगोळीला दुसऱ्या कोणीतरी बसायच्या आणि आई गॅलरीतून बघून म्हणायची, डावीकडचा ठिपका चुकलाय त्यांचा. हे ती हसत म्हणायची. मी त्या हसण्याकडे बघायचं टाळत असे.

या वर्षी मात्र समोरच्या काकू घरी आल्या. काकू म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्ष, सत्तरीला टेकलेल्या, अजून स्वतःची स्कूटी चालवणाऱ्या आणि कोणाच्या बापाला न भिणाऱ्या. आईचा हात धरून त्या म्हणाल्या, “रांगोळी तुम्ही काढायची. मी सगळ्यांना सांगितलंय.” सगळ्यांना ते आवडलं होतं असं नाही. कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या होत्या, “मोठ्यांनी ठरवल्यावर आम्ही काय बोलणार?” पण आल्या सगळ्या. मोर आईने काढला आणि भोवतीची वेल बाकीच्यांनी मिळून रंगवली, एकेकीने एकेक पान. हे मला आईनेच सांगितलं, दोनदा, तीनदा, हाताचा निळा रंग खोबरेल तेलाने काढता काढता.

“पण पक्का रंग कशाला?” मी विचारलं. आता मी आवाज खाली ठेवला होता.

तिने तळहातावर आणखी थोडं तेल घेतलं. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी बोलावतील की नाही कोणी सांगावं. म्हटलं, या वर्षीचं तरी राहू दे.”

मी एक मार्ग काढला. मोरावर रंगाचा आणखी एक पातळ हात द्यायचा आणि तो ओला असतानाच वरून बारीक वाळू भुरभुरायची. रस्त्यावरच्या पट्ट्यांवरही खरखरीत काहीतरी टाकतात, ते याचसाठी.

“माझ्या मोरावर वाळू?” आई म्हणाली. “त्याचा डोळा जाईल ना.”

“डोळा गेला तरी चालेल, कोणाचा पाय नको जायला.”

रात्रीचं जेवण होईपर्यंत आमचं हेच चाललं. शेवटी ती कबूल झाली, पण रुसून. सकाळी मी वाळू चाळून गोणपाटावर पसरली, रंगाचा डबा उघडला, आणि आभाळ असं काही फुटलं की गणपती येईपर्यंत थांबलंच नाही. ओल्या रस्त्यावर रंग धरत नाही. मी वाळूकडे आणि वाळू माझ्याकडे बघत राहिली.

चतुर्थीला सकाळी आमचा दूधवाला आला. तो दिंडोरीच्या बाजूच्या एका गावातून येतो, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवलेले. मी गॅलरीत होते. तो उतारावरून आला, वळणावर त्याने ब्रेक दाबला, आणि गाडीचं मागचं चाक सरळ निघालं तर पुढचं मांडवाकडे. त्याने दोन्ही पाय खाली टेकवले, चपला घासत पिसाऱ्यावरून वेलीपर्यंत गेला आणि मांडवाच्या बांबूपाशी येऊन थांबला. कॅनमधलं दूध हिंदकळून झाकणातून बाहेर आलं. मी धावत खाली गेले.

“ताई, लय वाचलो,” तो म्हणाला. त्याने कॅनचं झाकण दाबून बसवलं. “हे काय लावलंय रस्त्याला? पाय ठरत नाय.”

मी काही बोलायच्या आत कोपऱ्यावरच्या वहिनी फाटकातून म्हणाल्या, “बाप्पा यायच्या आधीच असं. सुरुवातच बघा कशी झाली.”

एवढंच म्हणाल्या त्या. पण म्हणताना त्यांनी रस्त्याकडे बघितलं नाही. त्यांनी वर, आमच्या गॅलरीकडे बघितलं.

तोपर्यंत मला भीती होती ती कोणाचं तरी हाड मोडेल याची. आता कळलं की इथे कोणी पडलं, तर लोक रंगाला दोष देणार नाहीत. विधवेचा हात लागला म्हणून झालं, असं म्हणतील. तोंडावर नाही म्हणणार. मांडवात, आरतीची तबकं पुसता पुसता म्हणतील, आणि ते आईच्या कानापर्यंत बरोबर पोहोचेल. चार वर्षांनी तिच्या हातात आलेलं एका पडण्यात जाणार होतं, आणि ते पुन्हा कधी मिळणार नव्हतं.

मी काकूंकडे गेले. म्हटलं, काकू, मोर खरवडून काढू या, आजच. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मूर्तीच उचलून न्यायला सांगत होते. “सणाचे दिवस आहेत गं. तुझ्या आईला काय वाटेल? विसर्जन होऊ दे, मग बघू.” आईला काय वाटेल हे मला चांगलंच माहीत होतं, पण दुसरं जे होऊ शकत होतं ते काकूंना बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. तसं बोललं की ते खरं होईल, असं काहीतरी मला, रस्त्यांचे आकडे मोजणारीला, वाटून गेलं.

मग मी पहारा सुरू केला. ऑफिसला अर्धा दिवस रजा टाकायची आणि जाता-येता वळणावर उभं राहायचं, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लाल ओढणी. गाडी आली की ओढणी हलवायची. वाळू पोत्याने आणून मोरावर टाकली, तर पावसाने ती धुऊन गटारात नेली. उताराच्या वर “हळू चालवा” असं पुठ्ठ्यावर लिहून लावलं, तो पुठ्ठा भिजून वाकला. कॉलनीतले काका लोक मला हवालदारीणबाई म्हणायला लागले. एक दिवस एक उत्साही सूनबाई मोर चिखलाने मळला म्हणून साबणाचं पाणी टाकून खराट्याने घासत होती. मी गॅलरीतून इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातला खराटा पडला. नंतर तीन बादल्या पाणी ओतून तो फेस घालवला आणि तिला सॉरी म्हटलं.

आई या सगळ्यात गप्प होती. मोरावर टाकलेली वाळू तिला गॅलरीतून दिसायची. पण संध्याकाळी ती साडी बदलून आरतीला जायची, बायका तिला पुढे उभं करायच्या, मोराचं कौतुक करायच्या, आणि घरी आल्यावर ती कोण काय म्हणालं ते सांगायची. इतकी बोलताना मी तिला वडील गेल्यापासून पाहिली नव्हती. मी ऐकत असे आणि माझे कान बाहेर, उतारावरून येणाऱ्या गाड्यांच्या आवाजाकडे असत.

काकू पडल्या त्या संध्याकाळी पाऊस धड पडतही नव्हता. नुसती भुरभुर. ही भुरभुर जोरदार पावसापेक्षा वाईट. रस्त्यावरचं तेल, चिखल, धूळ वाहून जात नाही, त्याचा नुसता राप बसतो. आरतीची वेळ झाली होती, मांडवात झांजा वाजायला लागल्या होत्या. मी वळणावर उभी होते. काकू पंचवटीतून दुर्वा आणि फुलं घेऊन स्कूटीवर उतारावरून आल्या. मी ओढणी हलवली. “काकू, हळू! ब्रेक आधीच दाबा, इथे नका दाबू!”

त्यांनी इथेच दाबला. स्कूटी आडवी झाली आणि काकू तिच्याबरोबर घसरत माझ्या पायांपर्यंत आल्या. फुलं सगळीकडे झाली. पुढे केलेल्या हातावर त्या पडल्या होत्या, आणि तो हात मनगटाशी जसा वळला होता तसा हात वळत नाही. मांडवातल्या झांजा थांबल्या.

दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. डोक्याला मार नव्हता, कमरेला नव्हता, डॉक्टर म्हणाले, या वयात एवढ्यावर निभावलं. मी घरी आले तेव्हा आई दिवा न लावता बसली होती.

“आरतीला गेली नाहीस?”

“गेले होते. परत आले.”

“कोणी काही म्हणालं?”

ती आधी सांगेना. मग सांगितलं. कोपऱ्यावरच्या वहिनी प्रसादाची वाटी हातात देताना शेजारणीला म्हणाल्या होत्या, “काकूंनी हौसेने केलं, पण काही गोष्टी पूर्वीच्या लोकांनी उगाच सांगितलेल्या नसतात.” कोणी त्यांना गप्प केलं नाही. आईने वाटी खाली ठेवली आणि चालत घरी आली.

मला इतका राग आला की मी चपला घालून दारापर्यंत गेलेसुद्धा. पण मागून आई म्हणाली, “त्यांचं काय चुकलं? मीच हात लावायला नको होता.”

हे ऐकून माझा राग पळाला आणि नुसती भीती उरली. वहिनींशी मी भांडले असते, जिंकलेही असते, भांडणात मला कोणी हरवत नाही. पण आईनेच ते खरं मानलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने देवघरातली छोटी रांगोळीसुद्धा काढली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी ती पडदा ओढून झोपून राहिली. मी किती समजावलं की अगं, रंग आहे तो, रंगाला काय माहीत ब्रश कोणाच्या हातात होता. ती हो हो म्हणायची, म्हणजे ऐकत नव्हती.

मी साहेबांकडे झोका मागितला. म्हटलं, एक वळण तपासायचंय. त्यांनी विचारलं, कोणाचं काम? मी म्हटलं, आईचं. ते काही समजले नाहीत, पण त्यांनी यंत्र दिलं.

रविवारी सकाळची आरती संपून बायका मांडवाबाहेर पडत होत्या तेव्हा मी वळणाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या आडव्या टाकल्या आणि रस्त्याच्या मध्ये यंत्र मांडलं. बघ्यांना बोलवावं लागलं नाही. आधी मी उघड्या डांबरावर पाणी टाकलं आणि दांडा सोडला. खर्रकन आवाज झाला, काटा साठच्या वर थांबला. मग यंत्र उचलून मोराच्या मानेवर ठेवलं. पाणी टाकलं, दांडा सोडला. आवाज जवळजवळ झालाच नाही. दांडा पाखरासारखा वर गेला. काटा पंचविशीच्या आत.

“बघितलं?” कोणीतरी म्हणालं. रंगाबद्दल म्हणालं की आईच्या हाताबद्दल, ते कळलं नाही.

मी यंत्र वेलीवर ठेवलं. ही पानं बाकीच्यांनी रंगवलेली, सगळ्या सवाष्णींनी. एका पानावर दांडा सोडला. पंचविशीच्या आत. दुसऱ्या पानावर सोडला. तेच. तिसरं पान कोपऱ्यावरच्या वहिनींचं होतं, त्याच मला म्हणाल्या, “ते माझं.” मी तिथेही सोडला. काटा एका घराने आणखी खाली आला. मला आनंद झाला, लपवत नाही.

“हे बघा,” मी म्हटलं, “रस्त्याला एवढंच कळतं. रंग आहे की नाही.”

वहिनी यंत्राकडे बघत राहिल्या. त्या मूर्ख नाहीत. त्या म्हणाल्या, “आकडे सारखे असतील गं. पण एवढी वेल पडली होती रिकामी, आणि काकू नेमक्या मोरावरच का पडल्या? हे तुझं यंत्र सांगतं का?”

कोणती गाडी कुठे सुटेल हे कुठलंच यंत्र सांगत नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी हातात पाण्याची बाटली घेऊन उभी होते. वर आमच्या गॅलरीतला पडदा थोडासा बाजूला झालेला मला दिसला, म्हणजे आई ऐकत होती. हरायला याहून वाईट जागा नव्हती.

“मोरावर नाही पडले मी.”

काकू त्यांच्या फाटकातून हात गळ्यात अडकवून येत होत्या. हळूहळू चालत त्या वेलीच्या वरच्या टोकाशी आल्या, उताराच्या बाजूच्या, आणि चपलेच्या टोकाने एक पान दाखवलं. “इथे ब्रेक दाबला. इथून चाक सुटलं. मोरापर्यंत आले ती घसरत आले.”

त्या पानाच्या हिरव्यावर टायरची एक लांब काळी रेघ होती. ती तिथे इतके दिवस सगळ्यांसमोर होती. मीही ती बघितली नव्हती, आणि माझं कामच ते.

“हे पान कोणाचं?” वहिनींनी विचारलं.

“माझं,” काकू म्हणाल्या. “मी रंगवलंय. दोन दिवस तुम्ही काय बोलताय ते माझ्या घरापर्यंत येतंय, आणि मी गप्प बसले. स्वतःच्याच पानावरून पडले हे सांगायची लाज वाटली. हसला असतात. त्यापेक्षा हिच्या आईवर गेलं ते मला सोयीचं वाटलं.” मग त्यांनी वर बघितलं आणि आवाज चढवून म्हणाल्या, “ऐकलंत का हो? मला सोयीचं वाटलं!”

गॅलरीतला पडदा हलला. मग आमच्या जिन्याचं दार वाजलं आणि आई खाली आली. तिच्या हातात ग्रिलचा गंज घासायचा तारेचा ब्रश होता. ती कोणाशी बोलली नाही. काकूंच्या हाताकडे तिने एकदा बघितलं, मोरापाशी गेली, खाली बसली आणि पहिला ब्रश त्याच्या डोळ्यावर मारला.

मला वाटलं होतं मला आनंद होईल. मीच तर आठवडाभर म्हणत होते, खरवडा. पण ती निळी साल उडताना बघून मला रडू आलं, आणि मी ते लपवायला यंत्राचे स्क्रू आवळत बसले.

हळूहळू बाकीच्याही बसल्या. घराघरांतून ब्रश आले, काथ्याच्या घासण्या आल्या, एकीने थिनरचा डबा आणला तो मी परत पाठवला, कारण थिनरने डांबरच सुटलं असतं. काकू एका हाताने आपलं पान घासत होत्या, फार काही निघत नव्हतं. वहिनी लांब उभ्या राहिल्या, मग घरात गेल्या. दुपारपर्यंत खडीची डोकी उघडी पडली. खळग्यांत निळा रंग राहिला, तो राहू दिला. मी पुन्हा दांडा सोडला आणि तो खरखरत गेला. काटा पन्नाशीच्या पुढे थांबला. मी आकडा मोठ्याने सांगितला. आई तेव्हा ब्रश धूत होती, तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी ती आरतीला गेली नाही. मी विचारलं, आता काय झालं? ती म्हणाली, दमले. मला काही कळेना. लोकांसमोर तिची बाजू खरी ठरली होती, पण तिला स्वतःला ती पटली होती का, हे तिच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. पटली नसेल तर माझे सगळे आकडे पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती घरात नव्हती. गॅलरीत आले. पाऊस थांबला होता, रस्ता ओला होता. आई रांगोळीचा डबा घेऊन खाली वळणावर उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. मांडवात अजून कोणी आलंही नव्हतं. ती बराच वेळ नुसती उभी राहिली, मग जिथे मोर होता तिथेच, वळणाच्या ऐन मध्ये बसली आणि डब्याचं झाकण उघडलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घराचं फाटक उघडलं. वहिनी आरतीचं तबक घेऊन बाहेर आल्या. आईला बघून थबकल्या. मी कठडा घट्ट धरला. खाली धावत गेले असते तरी वेळेत पोहोचले नसते. वहिनी चालत तिच्यापाशी आल्या. आईचा हात डब्यातच राहिला.

“अहो, जरा कडेला घ्या,” वहिनी म्हणाल्या. “तिथे गाड्या येतात.”

आईने वर बघितलं. मग ती डबा घेऊन मांडवाच्या बाजूला सरकली आणि तिने पहिला ठिपका टाकला.